सात दुकानं, एक नाव, तरी साखळी का नाही? बेळगावकडच्या किराणा घराण्यांविषयी

प्रश्न असा आहे. आजोबांनी बेळगावच्या रविवार पेठेत टाकलेल्या एका किराणा दुकानाची आज सात दुकानं झाली आहेत: चार शहरात, एक खानापुरात, एक निपाणीत आणि एक चंदगडला. चालवणारे सगळे चुलते-पुतणे, नाव सगळीकडे एकच. विचारणारी नात आहे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या शीट्झ आणि वावा या घराण्यांच्या दुकानसाखळ्यांचा इतिहास तिच्या वाचनात आला. तिला दोन गोष्टी हव्या आहेत. घराण्याच्या दुकानांचा इतिहास लिहायला कुठून घ्यावा, आणि सात दुकानं असूनही आपली साखळी का झाली नाही?

मी आधी विक्रीकराच्या आणि आता जीएसटीच्या कामात आहे. सीमाभागातल्या किराणा घराण्यांच्या वह्या, भागीदारीपत्रं आणि भावाभावांच्या वाटण्या पाहण्यात उमर गेली. त्यामुळे माझं उत्तर वहीच्या बाजूनं आहे. दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर हाती असलं की इतिहासात नेमकं काय शोधायचं ते ठरतं.

शीट्झ आणि वावा या दोन्ही साखळ्यांचं मूळ दुधात आहे. वावाच्या वुड घराण्याची 1902 पासून डेअरी होती आणि बाटल्या घरोघरी पोचवल्या जायच्या. पुढे लोक दूध दुकानातून आणू लागले, घरपोच धंदा आटत गेला, तेव्हा ग्रॅहॅम वुड यांनी 1964 मध्ये फोल्सम या गावी पहिलं दुकान उघडलं. शीट्झचंही तसंच. बॉब शीट्झ यांनी 1952 मध्ये अल्टूना इथलं वडिलांच्या डेअरीचं एक दुकान घेतलं, आणि तेही वडिलांकडून विकत. आपल्याकडे मुलानं बापाचं दुकान पैसे मोजून घेतलं तर गल्लीत महिनाभर दुसरा विषय निघणार नाही. पुढे भाऊ स्टीव्ह येऊन मिळाला आणि दुकानं वाढत गेली. घराण्याबाहेरचं उदाहरण हवं असेल तर सेव्हन-इलेव्हन घ्या. 1927 मध्ये डॅलसला बर्फ विकणाऱ्या डेपोवर दूध, पाव, अंडी ठेवायला सुरुवात झाली आणि त्यातून ती साखळी निघाली.

तिघांकडेही आपला माल आधी होता, रोज सुटणारी गाडी आधी होती आणि दुकान मागाहून आलं. पहाटे निघालेली गाडी जिथवर जाऊन परत येऊ शकते तिथवर दुकानं काढत जायचं. गल्ल्यावर कोण बसलाय याला फार महत्त्व नाही. भाव ठरलेला, माल ठरलेला, पैसे रोख, त्यामुळे पगारी माणूस चालतो. अशी दुकानं दहाची वीस होतात. पुढे पेट्रोल आलं आणि अमेरिकेतल्या असल्या दुकानांचा धंदा आणखी फोफावला. तो रस्ता आपल्याकडे किराणा घराण्याला बंदच होता. 1970च्या दशकात परदेशी तेल कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या, पंप कंपनीचा आणि डीलरशिप माणसाच्या नावावर, अशी व्यवस्था राहिली. तो भाग इथंच सोडू.

आता आपलं दुकान. माल सगळ्यांकडे तोच, पेठेतून उचललेला: साखर, गूळ, तेलाचे डबे, डाळी, चहापत्ती. पेठेत तुमच्या आजोबांना जो भाव, तोच शेजारच्याला. शेजारच्यापेक्षा त्यांचं दुकान जास्त चाललं असेल तर ते उधारीच्या जोरावर. कुणाला द्यायची, किती द्यायची, कधी मागायची आणि कधी तोंड बंद ठेवायचं, हे कळणं म्हणजेच किराणा दुकान चालवणं होतं.

ही उधारी दर पाच-दहा कोसांवर बदलते. खानापूर तालुक्यात भाताचं पीक, सुगी दिवाळीच्या पुढे. तोवर पावसाळाभरचं मीठ, मिरची, तेल, चहा सगळं वहीवर. निपाणीकडे तंबाखू. माल वखारीत गेला तरी पैसे सुटेपर्यंत शेतकऱ्याचं घर दुकानदाराच्या भरवशावर चालायचं. 1981 मध्ये तिथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी मोठं आंदोलन केलं, त्याची आठवण आजही निघते. वखारवाल्याकडे अडकलेला प्रत्येक रुपया अखेर कुठल्या तरी किराणा दुकानदाराच्या वहीत अडकलेला असायचा, हे मात्र त्या आठवणीत येत नाही. चिक्कोडी, संकेश्वर, गोकाक हा उसाचा पट्टा. 1966च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं 14 दिवसांत बिल द्यायचं असतं. ते लांबलं की दुकानाची वसुली तेवढीच लांबते, आणि दुकानदाराच्या बाजूनं कुठलाच आदेश नाही. वडगाव, खासबाग, शहापुरातले विणकर आणि निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बाया यांची मजुरी आठवड्याची, म्हणून उधारीही आठवड्याची. बाजारच्या दिवशी चुकती करायची, दुसऱ्या दिवशी परत चालू. कॅम्पात निराळाच प्रकार, महिन्याचा पगार आणि लष्करी लोकांना कँटीन. तिथं किराणा दुकानदार उधारीपेक्षा बिस्किटं, लोणी, साबण असल्या मालावर जगला.

एका घराण्याची जुनी खतावणी, म्हणजे गिऱ्हाईकवार खात्यांची वही, माझ्याकडे बरेच दिवस होती. लाल कापडाची बांधणी, उभी लांब पानं, डोक्यावर श्री. गिऱ्हाइकांच्या खात्यांवर आडनावं जवळजवळ नव्हतीच. ‘कंग्राळी, विहिरीजवळचा.’ ‘उचगाव, मास्तरांचा जावई.’ ‘येळ्ळूर, दोन बैलवाला.’ एका खात्यापुढं नुसतं ‘उंच’ असं लिहिलेलं होतं आणि खाली साडेतीनशे रुपयांची बाकी. ही वही पगारी माणसाच्या हातात देऊन काय उपयोग? वसुली करायची तर लिहिणाराच हवा, नाहीतर त्याच्या शेजारी बसून वाढलेला मुलगा हवा.

म्हणून आपल्याकडे दुसरं दुकान नेहमी भावाचं असतं. घरात मुलगे तीन आणि गादी एक, मधल्याचं लग्न ठरलं की त्याला खानापुरात दुकान. धाकटा निपाणीला मामाकडे शिकायला होता, तो तिथंच राहिला, त्याचं तिसरं. गिऱ्हाईक वाढलं म्हणून शाखा काढली असं फार थोड्या घराण्यांत झालं. बहुतेक ठिकाणी घर वाढलं म्हणून दुकान वाढलं. तुमच्या सातही दुकानांच्या तारखा काढा आणि शेजारी घरातल्या लग्नांच्या तारखा मांडून बघा. जुळल्या नाहीत तर मला नवल वाटेल.

आणि दुकान भावाचं झालं की खरेदीही भावाची होते. खानापूरचा भाऊ रविवार पेठेतच येतो, पण थोरल्याच्या व्यापाऱ्याकडे जात नाही. त्याला आपली पत वेगळी उभी करायची असते. दोघंही निम्मा-निम्मा माल उचलतात, दोघंही मुदतीवर, आणि रोखीचा वटाव, म्हणजे सूट, दोघांनाही मिळत नाही. कंपनीच्या मालाचं तर विचारूच नका. साबण, बिस्किटं, चहा यांचे एजन्सीवाले भागानुसार नेमलेले. सात दुकानांना सात बिलं होतात आणि मोठ्या खरेदीवरची स्कीम एकालाही लागत नाही. माझ्या मते दुकानांच्या आकड्यावरून साखळी ठरत नाही. सगळ्यांची खरेदी एका ठिकाणी होते का आणि कुठल्या दुकानात काय शिल्लक आहे ते एका वहीत दिसतं का, यावरून ठरते. डी-मार्टनं 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून याच दोन गोष्टी धरून ठेवल्या. शिवाय शक्यतो जागा स्वतःची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकवून भाव पाडून घ्यायचा, आणि गिऱ्हाइकाला उधार नाही. आपल्या चुलत्यांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. येळ्ळूरच्या दोन बैलवाल्याला उधार नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती, एवढंच.

अपवाद आहेत, आणि ते बघण्यासारखे आहेत. सीमाभागात जी किराणा घराणी खरोखर पसरली त्यांच्याकडे बहुधा स्वतःची एखादी वस्तू होती. कुणाचं फरसाण, कुणाची बेकरी, कुणाची चटणी. चटणी म्हणजे आपलं कांदा-लसणाचं लाल तिखट, जेवायला वाढतात ती ओली चटणी नव्हे. संकेश्वरी मिरची तिखटपणाला, ब्याडगी रंगाला, उन्हाळ्यात कांडप करून वर्षाची बेगमी. अशी वस्तू हाती असली की गाडी रोज सोडावी लागते, दुकानात कुणीही बसवता येतो आणि गिऱ्हाईक रोख देतं, कारण ती दुसरीकडे मिळत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की आजी उन्हाळ्यात चटणी करून बरण्यांत दुकानात ठेवायची आणि पावसाळ्याआधी संपायची. तुमच्या घराण्याच्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ती आहे. वुड घराण्याची जी दुधाची बाटली होती ती तुमच्याकडे आजीच्या बरणीत होती. ती का वाढवली नाही हे शोधा. आजीनं किती मिरची घेतली, कुणाकडून घेतली, कांडपाला किती दिले, हे दुकानाच्या वहीत सापडेल, पण विक्री वेगळी दाखवलेली नसेल, कारण बाईच्या हातचा माल ‘घरचा’ धरला जायचा आणि त्याचे पैसे गल्ल्यात मिसळायचे. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत असंच आहे. खर्च नावे पडलाय, उत्पन्नाला खातंच नाही. आत्या हयात असतील तर चुलत्यांच्या आधी त्यांच्याकडे जा. पुड्या कुणी बांधल्या, बरण्या कुणी भरल्या, हे त्यांना माहीत असतं.

आता सीमा. राजकारणात मी शिरत नाही. 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाभागाबद्दलचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल. धंद्याच्या अंगानं मात्र सीमेचा विचार केल्याशिवाय तुमच्या घराण्याची गोष्ट पुरी होत नाही. तशी तर बेळगावला सीमा नवी नाही. आज शहरात मिसळून गेलेलं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, शेजारचं बेळगाव ब्रिटिश मुलखात. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज. रेल्वे येण्याआधी इथला माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून आंबोलीच्या घाटानं वर चढायचा, आणि कोकणातून आलेल्या कितीतरी दुकानदार घराण्यांची वाटही तीच. इथल्या व्यापाऱ्याला नाकं ओलांडायची सवय पिढ्यान्पिढ्यांची होती.

1 नोव्हेंबर 1956 ला जे झालं ते निराळं होतं. राज्य पुनर्रचना कायद्यानं बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका वगळून. तोवर चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता, तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. तुमचं चंदगडचं दुकान त्याआधीचं असेल, तर दुकान जागच्या जागी राहिलं आणि पेठ एका रात्रीत परराज्यात गेली. गिऱ्हाईक बदललं नाही. चंदगडचा माणूस आजही लग्नाच्या बस्त्याला बेळगावातच येतो. वहीत मात्र फरक पडला. 1957 मध्ये इकडे म्हैसूरचा विक्रीकर कायदा आला, आणि त्याच वर्षापासून आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर. रविवार पेठेतून चंदगडला माल द्यायचा तर सी फॉर्म (कमी दरानं कर लागावा म्हणून खरेदीदारानं द्यायचा दाखला) मागा, तो वेळेवर आला नाही तर फरकाचा कर भरा, आणि त्यावरून दोन भावांत कटकट. त्यात 1960च्या दशकात धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध आले. चंदगडच्या दुकानानं हळूहळू गडहिंग्लज, कोल्हापूरची पेठ धरली असणार. जुनी बिलं सापडली तर व्यापाऱ्यांच्या नावांवरून हे वळण कुठल्या साली आलं ते काढता येईल, आणि माझ्या दृष्टीनं तुमचं घराणं धंद्यात वेगळं झालं ते त्या साली, मग वाटणीपत्रावर तारीख कुठलीही असो.

पुढं तफावती येत-जात राहिल्या. कर्नाटकानं 1979 मध्ये जकात काढून प्रवेश कर आणला, कोल्हापुरात जकात त्यानंतर कितीतरी वर्षं चालू होती. पाकिटांवर ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापायची मुभा होती तोवर त्याच साबणाची किंमत निपाणीत एक आणि सीमेपलीकडच्या कागलात दुसरी. 1990 पासून सर्व करांसह किंमत छापणं आलं तेव्हा हा प्रकार थांबला. 2005 मध्ये दोन्ही राज्यांत एकाच दिवशी, 1 एप्रिलला, व्हॅट (मूल्यवर्धित कर) आला.

1 जुलै 2017 ला जीएसटी लागला तेव्हा पुष्कळांना वाटलं, आता देशभर एकच कर, सीमा पुसली. व्यापाऱ्यापुरती ती पुसली गेली नाही. नोंदणी राज्यवार आहे, क्रमांकाची सुरुवात कर्नाटकात 29 नं आणि महाराष्ट्रात 27 नं होते. एकाच मालकाचं बेळगावचं दुकान आणि चंदगडचं दुकान कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती. स्वतःच्याच एका दुकानातून दुसऱ्यात तेलाचे डबे पाठवले तरी कर लावून बिल करायचं. पूर्वी एफ फॉर्मवर शाखेला माल बिनकराचा जायचा, ती सोय गेली. भरलेल्या कराची वजावट पुढं मिळते हे खरं, पण पैसा तेवढे दिवस अडकतो. मालाची किंमत 50,000 रुपयांवर गेली की ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद. आणि छोट्या दुकानदाराची आवडती कंपोझिशन योजना, वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असली की एक टक्का भरून मोकळं व्हायचं, तिच्यात परराज्यात माल विकताच येत नाही. शिवाय ती पॅनवर चालते. एका पॅनखालची सगळी दुकानं आत, नाहीतर सगळी बाहेर. याचा परिणाम म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना दुकानं असलेल्या घराण्यांनी चंदगड किंवा गडहिंग्लजचं दुकान दुसऱ्या भावाच्या पॅनवर करून टाकलं. कर सुटसुटीत झाला आणि एकत्र खरेदीचा शेवटचा धागाही सुटला. मी स्वतः हा सल्ला अनेकांना दिला आहे, आजही देईन. साखळी व्हावी म्हणून कुणी जास्त कर भरत नाही.

एक बारीक गोष्ट, कारण हा प्रश्न मला सतत येतो. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीचा गिऱ्हाईक बेळगावात दुकानात येऊन रोखीनं सामान घेऊन गेला तर ती इथलीच विक्री. तोच माल तुमच्या टेंपोनं शिनोळीला त्याच्या घरी टाकलात की आंतरराज्य विक्री. अंतर सीमेवरचं बाची गाव ओलांडून थोडंसंच, पण घरपोच सेवा सुरू करणाऱ्या दुकानांनी हे आधी बघावं.

आता पहिला प्रश्न: इतिहास कुठून लिहायचा. बेळगावातल्या घराण्याच्या धंद्याची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, किर्लोस्करांची. 1888 मध्ये इथं सायकलचं दुकान, पुढे लोखंडी नांगर, नगरपालिकेनं जागा सोडायला लावल्यावर 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. ती पाठ आहे कारण त्यांनी लिहून ठेवली आणि छापली. किराणा दुकानदारानं हिशेबापलीकडे काही लिहिलं नाही, त्यामुळे हिशेबातूनच सगळं काढायचं.

पाटीवरच्या ‘स्थापना’ सालावर विश्वास ठेवू नका. घराण्यातला तो सगळ्यात लवचीक आकडा असतो. एका भावाच्या पाटीवर एक साल, दुसऱ्याच्या पाटीवर त्याआधीचं, असं मी एकाच गल्लीत पाहिलं आहे. त्याऐवजी कागद बघा. मुंबई प्रांतात विक्रीकर 1946 मध्ये आला, तेव्हा उलाढाल पुरेशी असेल तर नोंदणीचा दाखला त्या सुमाराचा मिळेल. युद्धकाळातले आणि नंतरचे रेशनचे, धान्याचे, साखरेचे परवाने असतील. दुकान परवाना, घरपट्टीच्या पावत्या, भागीदारीपत्र आणि त्याच्या प्रत्येक बदलाची नक्कल मिळवा. भागीदारीपत्र बदललं त्या प्रत्येक तारखेमागे घरात काहीतरी घडलेलं असतं: मृत्यू, भांडण, नाहीतर कुणाचा तरी आयकर. कोरी बिलबुकं फेकू नका. त्यांच्या डोक्यावर छापलेल्या मजकुरात मुंबई राज्य, मग म्हैसूर, 1973 नंतर कर्नाटक असा अख्खा प्रवास सापडतो, आणि बिल कुठल्या भाषेत छापलंय तेही.

कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी वाचताना काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. फार जुनी पानं मोडीत असतील तर जाणकाराला बसवा, अंदाजानं वाचू नका. 1 एप्रिल 1957 च्या आधी रुपये-आणे-पै, त्यानंतर काही वर्षं नवे पैसे. मधल्या काळात एकाच पानावर दोन्ही सापडतात, कारण दिवाणजीचा हात लगेच वळत नाही. वजनंही तशीच. शेर-मण जाऊन किलो रुळायला 1960च्या पुढची काही वर्षं गेली. खेड्यातली पायली वजन दाखवत नाही, माप दाखवते. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांची किंमत शेजारी ठेवून भाववाढ काढायला जाल तर फसाल.

सगळ्यात मोठा खड्डा 1989 चा. तोवर आपल्याकडचे बहुतेक दुकानदार दिवाळी ते दिवाळी वर्ष धरायचे, लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या. आयकर कायद्यानं सगळ्यांचं वर्ष 31 मार्चला संपवलं, तेव्हा 1987च्या दिवाळीला सुरू झालेलं वर्ष थेट मार्च 1989 पर्यंत ताणलं गेलं. ते साधारण 17 महिन्यांचं वर्ष आहे. त्या साली नफा एकदम उसळलेला दिसेल. एका घराण्याच्या स्मरणिकेत ते ‘सुवर्णवर्ष’ म्हणून छापलेलं मी वाचलंय. वहीपूजन मात्र दिवाळीलाच राहिलं, आणि ती वही आता बऱ्याच ठिकाणी कोरीच कपाटात जाते, हिशेब संगणकावर.

‘घरखर्च’ हे खातं शेवटी वाचा, पण निवांत वाचा. मुलांची फी, दवाखाना, मुलीच्या लग्नाचं सोनं, गावच्या जत्रेची वर्गणी, सगळं दुकानाच्या गल्ल्यातून. कुठल्या भावाच्या घरी किती गेलं ते या खात्यात दिसतं, आणि वाटणीच्या वेळची भांडणं नेमकी इथूनच निघतात. तुमच्या घरात वाटणी झाली तेव्हा उधारीची यादी कशी वाटली ते जरूर विचारा. मी पाहिलेल्या एका वाटणीत ती रस्त्यांनुसार वाटली होती. खानापूर रोडची गावं मधल्याला, वेंगुर्ला रोडची धाकट्याला, आणि शहरातली थोरल्याला, कारण शहरातली वसुली सोपी. धाकट्याच्या बायकोनं भर बैठकीत विचारलं, “म्हणजे बुडित सगळं आमच्याच वाटणीला काय?” तिचं बरोबर होतं.

मुलींच्या हिश्शाचंही एक वाक्य लिहा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही 1994 मध्ये दिला, पण तेव्हा लग्न न झालेल्यांनाच. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. दुकान एकत्र कुटुंबाचं होतं की भागीदारी पेढीचं, यावर पुष्कळ अवलंबून आहे, म्हणून पुन्हा सांगतो, भागीदारीपत्र आधी मिळवा. आत्यांची नावं त्यात का नाहीत, हा प्रश्न तुमच्या इतिहासात आला तर चुलते कुरकुरतील. येऊ द्या.

राहिलं नाव. सात दुकानांत आज सामाईक असलेली हीच एक गोष्ट, आणि तिचा मालक कोण हे बहुधा कुठंच लिहिलेलं नसतं. पाट्यासुद्धा सारख्या नाहीत. कर्नाटकात 2024च्या दुरुस्तीनंतर पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं, चंदगडला मराठी. तुमच्या पिढीला खरोखर साखळी करायची असेल, निदान तेल, साखर आणि आजीची चटणी एवढ्यापुरती एकत्र खरेदी आणि एक नाव, तर व्यापारचिन्हाची नोंदणी करून घ्या. 1999च्या कायद्याखाली ती 10 वर्षांची असते, पुढे वाढवता येते. दुकानदारी वर्ग 35 मध्ये येते, चटणीचा अर्ज मसाल्यांच्या वर्ग 30 मध्ये. कन्नड लिपीतल्या नावाचं लिप्यंतर अर्जात द्यावं लागतं. नोंदणी कुणा एका चुलत्याच्या नावावर न करता सगळ्यांची मिळून एक पेढी किंवा कंपनी काढून तिच्या नावावर करा, आणि तिनं सातही दुकानांना वापराचा लेखी करार द्यावा. पेढीत कोण किती टक्के यावरच पहिली बैठक मोडेल. मोडली तर दुसरी घ्या, पण अर्जाच्या आधी. एकानं गुपचूप आपल्या नावावर नोंद करून घेतली की बाकीच्या सहा पाट्यांचं काम माझ्याकडे राहत नाही, वकिलाकडे जातं.